चेन्नईच्या केटलीतलं पाणी

नोकरीसाठी चेन्नईला गेलेली आपली मुलं मला विचारतात, पाणी उकळायला विजेची केटली कोणती घेऊ? मी उलट विचारतो, तुमच्या नळाला पाणी कुठलं येतं?

या शहराला बारमाही नदी नाही. 1772 मध्ये इंग्रजांनी किल्ल्याच्या पाण्यासाठी सात विहिरी खोदल्या. तो भाग आजही सेव्हन वेल्स म्हणूनच ओळखतात. 1872 साली रेड हिल्स तलावाचं पाणी आलं, पण उघड्या कालव्यातून, न गाळता. किल्पॉकला वाळूचे गाळणे सुरू झाले ते 1914 मध्ये. मधली चाळीसेक वर्षं उकळून पिणारा माणूसच शहाणा!

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी कृष्णेतलं प्रत्येकी 5 टीएमसी पाणी दरवर्षी मद्रासला द्यायचं कबूल केलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असं करत ते पूंडीच्या तलावात पोहोचायला 1996 उजाडलं. महाबळेश्वरला उगवलेली नदी चेन्नईत चहाला लागते, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ठरलेलं सगळं पाणी दरवर्षी येत नाही. 2019 मध्ये तलाव आटले आणि जोलारपेट्टईहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

नळ आटला की घरोघरी बोअर, टँकर, नाहीतर कॅन. बोअरचं पाणी बहुधा जड. ते उकळलं की त्यातला चुना पांढरा थर होऊन बसतो. इथं केटलीचा इतिहास कामाला येतो. आधी तापणारी तार भांड्याखाली वेगळ्या कप्प्यात असे, पाणी तापायला वेळ लागे. 1922 मध्ये बर्मिंगहॅमच्या आर्थर लार्जनं ती नळीत घालून थेट पाण्यात सोडली. जड पाण्यात मात्र त्या नळीवरच चुना धरतो आणि घासताना हात जात नाही. म्हणून सपाट स्टीलच्या तळाची, रुंद तोंडाची केटली घ्या. लिंबाच्या रसात पाणी उकळून अधूनमधून धुवा. पाणी उकळताच आपोआप बंद होणारी हवीच. रसेल हॉब्सनं ती सोय 1955 मध्येच आणली आहे.

उकळल्यानं जंतू मरतात, खारटपणा जात नाही. खारं पाणी असेल तर प्यायला वेगळंच आणा. आणि 1500 वॉटची केटली साडेसहा अँपिअर ओढते, तेव्हा भाड्याच्या जुन्या खोलीत ती मोठ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.