फोटो मावेना मेमरीत

देशातून अधूनमधून एक प्रश्न हमखास येतो. "पोराला फोटोशॉप शिकायचंय, कॉम्प्युटरला रॅम किती घेऊ? ग्राफिक्स कार्ड लागेलच का?" उत्तर दोन ओळींचं आहे. २०२४ च्या फोटोशॉपला निदान ८ जीबी रॅम लागते आणि कंपनी स्वतः १६ ची शिफारस करते. पण मंडळी, हा प्रश्न फोटोशॉपपेक्षा बराच जुना आहे. कॉम्प्युटरमध्ये पहिला फोटो गेला तेव्हापासून तो चालत आलाय.

तो फोटो १९५७ सालचा. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रसेल कर्श या इंजिनिअरने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, जेमतेम ५ सेंटीमीटर लांबीरुंदीचा फोटो स्कॅन केला. आडवी १७६ टिंबं, उभी १७६, एकूण ३०,९७६. एका टिंबाला एकच बिट, म्हणजे काळं किंवा पांढरं. १७६ च का? तर 'सीॲक' नावाच्या त्या संगणकात याहून मोठं चित्र ठेवायला जागाच नव्हती! त्याची मूळ मेमरी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची. नळीच्या एका टोकाला आवाजाची लहर सोडायची, दुसऱ्या टोकाला ती पकडायची आणि परत पहिल्या टोकाला आणून सोडायची. अशी सतत फिरत राहणारी माहिती म्हणजे मेमरी. तिच्यात ४५ बिटांचे ५१२ शब्द मावत. गुणाकार करा, २३,०४० बिटं. म्हणजे नुसत्या पाऱ्यात ते बाळ मावत नव्हतं. नंतर जोडलेल्या दुसऱ्या मेमरीचा आधार घ्यावा लागला.

पुढची उडी १९७३ ची, झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत. रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' ही यंत्रणा उभी केली. तिच्यात पडद्यावरच्या प्रत्येक टिंबाला ८ बिटं राखून ठेवलेली होती, म्हणजे एका वेळी २५६ रंग. आज ज्याला आपण ग्राफिक्स कार्डाची मेमरी म्हणतो, तिची ही पणजी. ती पणजी तेव्हा इतकी महाग होती, की घरी आणायचा विचारसुद्धा कोणी केला नसता.

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. १९८७ साली थॉमस नॉल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता. हाताशी मॅकिंटॉश प्लस. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ टिंबांचा, निव्वळ काळा-पांढरा. पडद्यावरचं अख्खं चित्र २२ केबीत बसायचं. त्या पडद्यावर करड्या छटा दिसल्याचा भास व्हावा म्हणून थॉमसने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन 'स्टार वॉर्स'वाल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये कामाला होता. त्याने हे पाहिलं आणि दोघं मिळून कामाला लागले. अडोबीने हक्क घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आलं, फक्त मॅकसाठी. रंगीत पडदा आणि २ एमबी रॅम असली की चालायचं.

आता थोडं गणित. ए-फोर आकाराचं मासिकाचं मुखपृष्ठ, छपाईला लागतात तशी इंचाला ३०० टिंबं. एकूण सुमारे ८७ लाख टिंबं होतात. छपाईच्या चार शाई धरल्या तर ३५ एमबी. मग २ एमबीच्या मशीनवर ते उघडायचं कसं?

इथे मला थॉमस नॉलचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. लोक फोटोशॉपच्या फिल्टरांबद्दल भरभरून बोलतात, पण खरी करामत पोटात होती. चित्राचे तुकडे करायचे, हाताखालचे तेवढे रॅममध्ये ठेवायचे आणि उरलेले हार्ड डिस्कवर. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमला ही अदलाबदल १९९१ च्या सिस्टिम ७ पर्यंत येतच नव्हती. फोटोशॉपने ती स्वतःपुरती करून घेतली. 'स्क्रॅच डिस्क भरली' हा कुप्रसिद्ध संदेश तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. ती स्क्रॅच डिस्क म्हणजे हीच. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद, त्यामुळे बटण दाबून चहा प्यायला जायची पद्धत पडली, पण काम होत होतं.

मेमरीची टंचाई सोयीसुविधांवरही दिसते. लेयर आले १९९४ मध्ये, कारण प्रत्येक लेयर म्हणजे जवळजवळ एक नवं चित्रच. एकाहून अधिक पावलं मागे जाण्याची सोय तर १९९८ च्या ५.० पर्यंत थांबली. मागे जायचं तर आधीचं चित्र कुठेतरी जपून ठेवायला नको का? त्यात १९९३ च्या जुलैत जपानमध्ये निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवरच्या वेष्टनाला लागणारी राळ तिथे बनायची. रॅमच्या किमती एकदम भडकल्या.

२००२ चं फोटोशॉप ७.० हे आपल्याकडे घरोघरी नसलं तरी गल्लोगल्ली पोचलं. त्याला १२८ एमबी रॅम पुरायची. चौकातल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा २० बाय १० फुटी फ्लेक्स घ्या. इंचाला ७२ टिंबं धरली तर त्याची फाइल ६०० एमबीच्या घरात जाते. टिंबं निम्मी केली की ती एकदम १५० वर येते आणि रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला फरक कळत नाही. हे गणित फ्लेक्सवाल्याला कुठल्याही कॉलेजात न जाता पाठ असतं!

आणि ग्राफिक्स कार्ड? इतकी वर्षं त्याचं काम फक्त चित्र दाखवण्याचं. सगळी आकडेमोड मुख्य प्रोसेसरच करायचा. कार्डाची ताकद गेम खेळणाऱ्या पोरांसाठी. २००८ च्या सीएस-४ ने त्याला पहिल्यांदा कामाला जुंपलं, तेही झूम करण्यापुरतं आणि कॅनव्हास फिरवण्यापुरतं. २०१२ च्या सीएस-६ पासून काही फिल्टरही त्याच्याकडे गेले. याच सीएस-४ मध्ये एक गंमत झाली. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी दिसतच नाही, म्हणून अडोबीने ६४ बिटांची आवृत्ती काढली, पण फक्त विंडोजसाठी. ज्या मॅकवर फोटोशॉप जन्मलं, त्यावर ती २०१० पर्यंत आली नाही. फोटोशॉप ज्या जुन्या पायावर उभं होतं, त्याला ६४ बिटांत आणायचा बेत ॲपलने २००७ मध्ये रद्द केला होता, त्यामुळे बराच कोड नव्याने लिहावा लागला.

२०२३ पासून मात्र प्रश्नच जरा फिरलाय. शब्द लिहून चित्रात नवीन भाग भरण्याची सोय फोटोशॉपमध्ये आली, आणि ते काम तुमच्या मशीनवर होत नाही, अडोबीच्या सर्व्हरवर होतं. त्यासाठी चित्र तिकडे पाठवावं लागतं. दुसरीकडे, याच प्रकारच्या सर्व्हरांची भूक इतकी वाढली, की २०२५ च्या अखेरीस घरगुती रॅमच्या किमती पुन्हा चढल्या. तेव्हा पोराला सांगा, १६ जीबी घे, पण नंतर वाढवता येईल असा कॉम्प्युटर बघ. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता बोर्डवरच झाळलेली असते, नंतर बदलता येत नाही. ग्राफिक्स कार्ड साधं चालेल.