भंडाऱ्याचा कोसा : जंगलातल्या अळीपासून करवती साडीपर्यंतचा छोटा उद्योग

भंडारा म्हटलं की तलाव, तांदूळ आणि पितळेची भांडी आठवतात. याच जिल्ह्यात अनेक घरांची चूल कोशावरही पेटते. कोसा म्हणजेच टसर रेशीम. या धंद्यात कुणी अळ्या पाळतं, कुणी सूत काढतं, तर कुणी साडी विणतं.

सुरुवात झाडावरून

तुतीच्या रेशमाच्या अळ्या घरात वाढवतात, टसरच्या मात्र उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. भंडारा-गडचिरोली भागात हे काम प्रामुख्याने ढिवर समाजातली कुटुंबं करतात. तलावात मासेमारी आणि हंगामात कोसा, अशी त्यांची दुहेरी कमाई.

भांडवलापेक्षा इथे राखण मोठी. पक्षी, मुंग्या आणि गांधीलमाशा अळ्यांवर टपलेल्या असतात. झाडाचा पाला संपला की अळ्यांसह फांद्या कापून दुसऱ्या झाडावर बांधाव्या लागतात.

सर्वात मोठा धोका पेब्रिन रोगाचा. तो अंड्यांमधून पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडीपुंजच वापरतात. ही पद्धत लुई पाश्चर यांनी 19व्या शतकात रूढ केली. महाराष्ट्रात हे क्षेत्र सांभाळणारं रेशीम संचालनालय 1997 पासून नागपुरात आहे.

सूत कसं निघतं?

कोश सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केले जातात. पूर्वी महिला उघड्या मांडीवर धागा वळत. त्यात कातडी सोलवटायची आणि सूतही कमी निघायचं. आता त्या जागी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र येतं आहे. घरबसल्या उद्योग सुरू करणाऱ्या महिलांना ही पायरी सोयीची आहे.

‘करवती’ म्हणजे काय?

मोहाडी आणि आंधळगावचे विणकर हातमागावर करवती साडी विणतात. साडीचं अंग कोशाचं, काठ रंगीत. काठावर करवतीसारखे दाते असतात, म्हणून हे नाव. साध्या साडीत आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो. करवतीत तीन धोटे चालतात : दोन काठांसाठी, एक अंगासाठी. जिथे धागे एकमेकांत अडकतात तिथे दाते उमटतात. त्यामुळे काठाचा रंग गडद राहतो, पण विणकाम संथ होतं. विदर्भातल्या या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

नफा कुणाचा?

खरा प्रश्न इथेच आहे. व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर विणणाऱ्याला मजुरी मिळते. साडीचा भाव ठरवायचा हक्क सुताच्या मालकाकडे जातो. यंत्रमागावरची स्वस्त नक्कल बाजारात आली की मजुरी आणखी दबते. मजुराचा उद्योजक व्हायचा तर स्वतःचं सूत घेण्याइतकं खेळतं भांडवल हाती हवं.

भांडवल कुठून?

2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात तारणाशिवाय 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान आहे. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांमध्ये मासेमारीची जाळी विणणारे आहेत, हातमाग विणकर नाहीत. त्यामुळे ढिवर कुटुंबातल्या जाळी विणणाऱ्याला तिथे अर्ज करता येतो, विणकराला इतर योजनांकडे वळावं लागतं.

ग्राहकाने काय पाहावं?

साडी उलटून पाहा. काठाचा आडवा धागा दात्यांपाशी वळून परत काठातच गेला असेल, तर ती तीन धोट्यांची विणाई. छापलेल्या नक्षीत असं वळण दिसत नाही.