आवाजापासून वीतभर अंतरावर: अंबडची खोली आणि मायक्रोफोनचा इतिहास

(१/१२)
नाशिकच्या अंबडमध्ये औद्योगिक वसाहत आणि सिडकोची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दिवसभर यंत्रांची घरघर, पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा, आणि महामार्गाकडे निघालेले मालट्रक. अशा वस्तीतल्या एखाद्या खोलीत गिटार घेऊन बसलेल्या तरुणापुढे आज एक प्रश्न हमखास उभा राहतो: गाठीशी पैसे थोडे आहेत, गाणे आणि गिटार घरच्या घरी ध्वनिमुद्रित करायचे, तर कोणता मायक्रोफोन घ्यावा? साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात, त्यामुळे चूक महाग पडते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

(२/१२)
मायक्रोफोन नव्हता तेव्हा दूरवर पोहोचण्याची सगळी जबाबदारी गळ्यावर होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे त्या युगाचे गायक. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पंडितजींनी आयुष्याचे अखेरचे पर्व नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात घालवले. काँग्रेसच्या अधिवेशनांत हजारोंच्या समुदायापुढे ते गात. संगीत नाटकांतील नटही शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवत असे, ते निव्वळ कमावलेल्या आवाजाच्या बळावर. त्या काळी ‘आवाज लावणे’ म्हणजे तो सभागृहभर फेकणेही होते.

(३/१२)
ध्वनिमुद्रणाचा आरंभही मायक्रोफोनविनाच झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला. त्याने हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडले आणि गौहर जान यांचे गाणे टिपले. गायिकेने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे. तिच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. विजेचा कुठेही संबंध नव्हता. आवाजाची स्वतःची ताकद हेच त्या यंत्राचे इंधन. भारतातले पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण असे एका साध्या खोलीतच झाले, हे घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

(४/१२)
या कर्ण्याला मंद आवाज ऐकूच येत नसे. तंबोऱ्याची आस त्यात जेमतेम उमटे. पाश्चात्त्य देशांत त्या काळच्या तबकड्यांवर बँजो ठसठशीत वाजतो आणि गिटार मागे पडते, त्याचे एक कारण हेच. बँजोचा टणत्कार सुईला हलवू शके. गिटारचा हळुवार नाद तिथवर पोहोचतच नसे. म्हणजे कोणते वाद्य इतिहासात ऐकू येणार, हे काही अंशी यंत्राच्या बहिरेपणावर ठरत होते.

(५/१२)
हे बहिरेपण विजेने दूर केले. अमेरिकेत ई. सी. वेंट याने १९१६ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन घडवला. विद्युतभारित तबकडीसमोर अतिशय पातळ पडदा ताणायचा. ध्वनीने पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युतसंकेतही बदलतो. १९२५ पासून तबकड्यांचे ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आता आवाज फेकण्याची सक्ती उरली नाही. कानाशी बोलल्यासारखे गायले तरी ते दूरवर ऐकू जाणार होते.

(६/१२)
मराठी गाण्यावर याचा खोल परिणाम झाला. १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी कवी ना. घ. देशपांडे यांच्या कविता गाऊन तबकड्यांवर आणल्या आणि भावगीत घरोघरी पोहोचले. पुढे जोशी एचएमव्ही कंपनीतच ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. शब्दाला जपत, मंद स्वरात गायचा हा प्रकार कर्ण्याच्या काळात रुजणे अवघड होते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, तेव्हा ते ऐकणारे घरच्या माजघरात बसलेले होते.
पलुस्करांच्या घरातही हे युगांतर दिसते. वडिलांचे १९३१ मध्ये निधन झाले तेव्हा दत्तात्रेय विष्णू पलुस्कर दहा वर्षांचे होते. पुढे त्यांचा निर्मळ आवाज लोकांनी ऐकला तो मैफलींइतकाच नभोवाणीवरून आणि तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून.

(७/१२)
पण तीक्ष्ण कान लाभला की नको ते आवाजही ऐकू येतात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला. अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. चित्रीकरणासोबतच ध्वनिमुद्रण करावे लागे. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवलेले असत आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसत. गाड्यांच्या खडखडाटापुढे उपाय चालेना, तेव्हा चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर होऊ लागले. उत्तम यंत्र हाताशी असूनही शांतता मिळवावी लागली, आणि ती वेळ निवडून मिळवावी लागली. अंबडच्या खोलीतला प्रश्न तोच आहे. रेल्वेच्या जागी कारखाना आहे, एवढेच.

(८/१२)
गोंगाटावर दुसरा तोडगा तंत्रज्ञांनी काढला: कान थोडा मंद करायचा आणि त्याला एकाच दिशेला वळवायचे. १९३१ च्या सुमारास डायनॅमिक मायक्रोफोन प्रचारात आला. यात पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते. ते चुंबकाच्या क्षेत्रात हलले की वीज उपजते. कंडेन्सरच्या नाजूक पडद्यापेक्षा ही रचना जड आणि दणकट. १९३९ मध्ये शूर कंपनीच्या बेंजामिन बाउअर याने समोरचे ऐकणारा व मागचे बव्हंशी टाळणारा मायक्रोफोन एकाच घटकातून साधला. त्याच परंपरेतला एसएम ५८ हा १९६६ मध्ये आला आणि जगभरच्या रंगमंचांवर स्थिरावला. मागच्या बाजूचा आवाज टाळणाऱ्या या हृदयाकृती ग्रहणक्षेत्राला ‘कार्डिऑइड’ म्हणतात.

(९/१२)
कंडेन्सर मात्र दीर्घकाळ श्रीमंतांच्या स्टुडिओतच राहिला. जर्मनीच्या नॉयमन कंपनीने १९२८ पासून त्याचे व्यावसायिक उत्पादन केले. पण त्याला स्वतंत्र वीजपुरवठा लागे. १९६६ मध्ये याच कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ध्वनीच्याच तारेतून ४८ व्होल्ट पुरवण्याची सोय केली. तीच आजची ‘फँटम पॉवर’.
खरी स्वस्ताई आणली ती इलेक्ट्रेटने. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा पातळ प्लास्टिकचा पडदा वापरला. कंडेन्सरचे तत्त्व टेलिफोन, श्रवणयंत्र आणि कॅसेट रेकॉर्डरमध्ये शिरले. आजीच्या ओव्या आणि नातवाचे पहिले बोल टेपरेकॉर्डरवर साठवणाऱ्या घरांनी हाच मायक्रोफोन वापरला, बहुधा त्याचे नाव न कळताच.

(१०/१२)
या साऱ्या शोधांमागे एक भौतिक नियम अढळ राहिला. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. खोलीतला गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. १० सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटरवर गेले, की आवाजाची तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर उतरते आणि यंत्राची घरघर जागच्या जागी असते. म्हणून महागडा पण दूर ठेवलेला मायक्रोफोन गोंगाटात हरतो, आणि जवळ धरलेला साधा मायक्रोफोन तरून जातो.

(११/१२)
आता निवड सोपी होते. खोली रस्त्याकडची असेल, भिंती उघड्या असतील आणि ध्वनिमुद्रण दिवसाच करायचे असेल, तर कार्डिऑइड डायनॅमिक घ्यावा. गाताना तो तोंडापासून ५ ते १० सेंटिमीटरवर आणि त्याची पाठ खिडकीकडे ठेवावी. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, तेवढे सांभाळावे. त्याची उणीव गिटारवर जाणवते: बोटांनी हळू छेडलेल्या तारांसाठी संकेत फार वाढवावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसमध्ये त्याबरोबर सरसरही वाढते.
रात्रीची शांतता मिळत असेल आणि गिटार महत्त्वाची असेल, तर स्वस्त कार्डिऑइड कंडेन्सर अधिक लाभाचा. गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर सुमारे २५ ते ३० सेंटिमीटरवर तो ठेवावा. थेट ध्वनिछिद्रासमोर ठेवल्यास नाद घुमतो. गाण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर अंतर आणि मध्ये फुंकर अडवणारी जाळी पुरे. ४८ व्होल्ट देणारा इंटरफेस मात्र हवा. थेट संगणकाला जोडायचा यूएसबी मायक्रोफोन खर्चाने हलका. पण पुढे दुसरा जोडायचा झाल्यास अडचण येते.

(१२/१२)
मायक्रोफोन एकच असेल तर आधी गिटार आणि मग आवाज, असे दोन वेळा मुद्रण करावे. दोन्ही एकदमच हवे असतील तर जुन्या ध्वनिमुद्रकांची रीत आहेच: एका मायक्रोफोनभोवती गायक-वादकांना पुढे-मागे बसवून तोल साधायचा. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते आणि आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर असते. म्हणून खालचे स्वर छाटणारी गाळणी ७५ हर्ट्झच्या आसपास लावली, की गुणगुण बरीच कमी होते आणि गिटारला फारसा धक्का लागत नाही. पंखा बंद, गायकाच्या पाठीमागे टांगलेली गोधडी, जवळच कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, एवढ्या तयारीला पैसे पडत नाहीत.
सव्वाशे वर्षांत मायक्रोफोन स्टुडिओतून टेपरेकॉर्डरमध्ये आणि तिथून सामान्य माणसाच्या खिशात आला. शांतता मात्र कोणत्याही कंपनीला स्वस्त करता आली नाही. ‘आलम आरा’च्या मंडळींनी ती मध्यरात्रीनंतर मिळवली होती. अंबडच्या तरुणाने खरेदीपूर्वी एक रात्र नुसते बसून खोलीचा आवाज ऐकावा आणि फोनवर तो टिपून पाहावा: खोली किती वाजता शांत होते, आणि होते की नाही. त्या एका रात्रीत कंडेन्सर की डायनॅमिक, हे ठरून जाते.