पदवी परत करायला किती वर्षं?

शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना 1960 साली मुंबई विद्यापीठाने त्यांची बी.ए. परत दिली. विनायक दामोदर सावरकरांनी ही पदवी 1905 च्या अखेरीस मिळवली होती. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटवल्याबद्दल फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं, पण परीक्षेला बसू दिलं. पुढे लंडनला ते बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले, तरी ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांना सनद नाकारली. 1911 मध्ये, जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर, मुंबई विद्यापीठाने बी.ए.ही काढून घेतली.

हे कुणा एका अधिकाऱ्याच्या लहरीने झालेलं नव्हतं. कर्झनच्या काळातल्या 1904 च्या विद्यापीठ कायद्यात त्याची तजवीजच होती. पदवीधराला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, तर सिंडिकेटने प्रस्ताव आणायचा, सिनेटच्या हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांशांनी तो मंजूर करायचा आणि कुलपतींनी शिक्कामोर्तब करायचं. कुलपती म्हणजे खुद्द गव्हर्नर. ज्या सरकारने माणसाला काळ्या पाण्यावर धाडलं, त्याच सरकारचा प्रमुख त्याच्या परीक्षेचा निकालही पुसू शकत होता. सावरकरांच्या राजकारणाविषयी कुणाचं काहीही मत असो, त्यांनी पेपर लिहिले होते आणि ते पास झाले होते. ते पुन्हा मान्य व्हायला 49 वर्षं लागली. ते हयात होते, एवढंच त्यातलं सुदैव.

कलकत्ता विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींना तेही लाभलं नाही.

6 फेब्रुवारी 1932. कलकत्त्याच्या सिनेट हॉलमध्ये पदवीदान समारंभ चालू होता. कुलपती या नात्याने बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन भाषण करत होते. शिवाजी पार्कातल्या क्रिकेटवेड्यांनाही हे नाव ओळखीचं वाटेल, कारण 1905 च्या अ‍ॅशेस मालिकेत इंग्लंडचे कर्णधार तेच होते. पदवी घ्यायला आलेली वीस वर्षांची बीना दास उठून पुढे गेली आणि तिने पिस्तूल झाडलं. जॅक्सन बचावले. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी तिला धरलं. तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि पदवी राहून गेली. बेथून कॉलेजातून तत्त्वज्ञान शिकलेल्या प्रीतिलता वड्डेदार हिचीही पदवी त्याच वर्षी अडवून ठेवण्यात आली. सप्टेंबर 1932 मध्ये चितगावजवळ पहाडतळीच्या युरोपियन क्लबवरच्या हल्ल्याचं नेतृत्व तिने केलं आणि पोलिसांच्या हाती लागण्याआधी सायनाइड घेतलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

दोघींची प्रमाणपत्रं विद्यापीठाने दिली ती 2012 मध्ये, मरणोत्तर.

प्रीतिलतेच्या बाबतीत दुसरा मार्गच नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. बीना दासचं तसं नाही. त्या बंगालच्या विधिमंडळात निवडून गेल्या. 1960 मध्ये, म्हणजे इथे मुंबईत सावरकरांची बी.ए. परत आली त्याच वर्षी, त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारने सन्मान केला, पण विद्यापीठाच्या दप्तरात त्यांची पदवी अडकलेलीच राहिली. डिसेंबर 1986 मध्ये हृषीकेशला त्यांचा मृत्यू झाला. स्वातंत्र्यानंतरची तब्बल 39 वर्षं हातात असताना एक कागद का निघाला नाही? मरणोत्तर पदवीचं कौतुक करताना हा प्रश्न विचारायलाच हवा. आजारपणात किंवा अपघातात गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी त्याच्या आईवडिलांच्या हाती देणं ही माया असते. इथे मात्र थकलेलं देणं होतं, आणि ते घ्यायला येऊ शकणारी व्यक्ती समोर असताना थकवलेलं होतं.

लंडनच्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्याच दुसऱ्या संस्थेचा हिशेबही असाच लांबला. 1922 मध्ये गांधीजींचं नाव तिथल्या बॅरिस्टरांच्या यादीतून खोडलं गेलं, ते परत आलं 1988 मध्ये. सावरकरांना लंडनला जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या श्यामजी कृष्णवर्मा यांचं नाव 1909 मध्ये काढलं होतं, ते पुन्हा चढायला 2015 उजाडलं.

एडिंबरा विद्यापीठाचा विलंब तर दीडशे वर्षांचा. 1869 मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींनी तिथे वैद्यकीला प्रवेश घेतला. पुढच्या वर्षी शरीरशास्त्राच्या परीक्षेला जाताना जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला, आणि 1873 मध्ये न्यायालयानेही त्यांना पदवी न देण्याचा विद्यापीठाचा हक्क मान्य केला. जेक्स-ब्लेकने शेवटी स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एम.डी. मिळवली. जुलै 2019 मध्ये एडिंबराने जेक्स-ब्लेकसह त्या सातजणींना मरणोत्तर मानद पदव्या दिल्या आणि स्त्रिया म्हणून त्यांच्याशी भेदभाव झाला होता हे उघडपणे मान्य केलं. त्या पदव्या स्वीकारल्या तिथेच वैद्यकी शिकणाऱ्या सात विद्यार्थिनींनी.