शटरच्या पडद्यावरचे ठिपके

जागा तीच, माणूस तोच, प्रकाश तोच. तरी फ्लॅश लावून पाठोपाठ काढलेल्या चार फोटोंत एक काळवंडतो, एक पांढराफटक येतो आणि दोन ठीक निघतात. डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार. तिचं कारण बहुतेक जण बॅटरीत नाहीतर फ्लॅश बसवायच्या हॉट-शूच्या मळलेल्या टोकांत शोधतात, आणि कधीकधी ते तिथे सापडतंही. पण या तक्रारीचं कूळ १९७५ सालच्या एका जपानी कॅमेऱ्यातल्या कापडी पडद्यापर्यंत पोचतं, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचा फ्लॅशचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणली, १९२९ च्या सुमारास बल्ब आले, तिसाच्या दशकात एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला आकार दिला. साठीच्या दशकात फ्लॅशलाच डोळा बसला आणि प्रकाश पुरेसा झाला की तो स्वतःहून थांबू लागला. हा डोळा मात्र लेन्सच्या बाहेर होता. लेन्ससमोर फिल्टर लावला किंवा लेन्स लांबवून फुलाचा क्लोज-अप घ्यायचा ठरवला, की त्याचं गणित चुकायचं.

ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांच्या ओएम-२ ने हा डोळा कॅमेऱ्याच्या पोटात नेला. आरशाच्या पेटीच्या तळाशी फिल्मकडे तोंड करून सिलिकॉनचे सेल बसवलेले होते. लेन्समधून आलेला प्रकाश फिल्मवर पडायचा, तिच्यावरून परतून सेलवर यायचा, आणि पुरेसा साठला की कॅमेरा त्याच क्षणी फ्लॅश तोडायचा. सगळा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकायचा. हंडा भरला की नळ बंद करावा, इतकी सरळ रीत होती ही. आधी अंदाज बांधण्याची गरजच नव्हती.

आता तो पडदा. फ्लॅश नसताना शटर वेगवान असेल, तर पूर्ण फिल्म एकाच वेळी उघडी पडत नाही. पडद्यांमधली फट तिच्यावरून सरकत जाते. मग सेल मोजणार काय? यासाठी ओएम-२ च्या पहिल्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनी ठिपक्यांची नक्षी छापली होती. तिच्यावरून सरासरीने तेवढाच प्रकाश परतायचा, जेवढा फिल्मवरून परतला असता. म्हणजे हा पडदा फिल्मचा बदली खेळाडू होता. फ्लॅशच्या वेळी, सेकंदाच्या साठाव्या भागाला, शटर पूर्ण उघडायचं आणि पडदा बाजूला व्हायचा. तिथे शेवटचा शब्द फिल्मचाच होता.

१९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला आणि फिल्म गेली. फिल्मचा पृष्ठभाग मंद, पसरट परावर्तन करणारा. तिच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे सारखा विखुरतो. सेन्सर तसा नाही. त्याच्यासमोर काचेचे फिल्टर असतात, तो आरशासारखा चमकतो, कोन बदलला की त्याच्यावर इंद्रधनुष्य दिसतं. त्याच्यावरून परतलेल्या प्रकाशावर भरवसा ठेवणं अवघड. मग मोजायचं कशावर? निकॉनने मोजलं ते शटरच्या बंद पडद्यावर. आरसा वर जायचा, शटर उघडण्याआधी फ्लॅश लहानसा चमकायचा, पडद्यावरून परतलेला प्रकाश पाच भागांचा मापक वाचायचा, आणि मुख्य फ्लॅश किती सोडायचा ते तेव्हाच ठरायचं. चोवीस वर्षांपूर्वीचा बदली खेळाडू आता मुख्य संघात आला होता.

यावर पहिला आक्षेप जाणकार घेतील तो असा, की हे निकॉनने ऑलिंपसकडून घेतलं कशावरून? १९९२ च्या त्यांच्याच एफ९० मध्ये, फिल्म असतानाही, पडद्यावरून आगाऊ फ्लॅश वाचला जात होता. खरं आहे. सरळ वंशावळ एफ९० चीच. पण फिल्मच्या जागी पडद्याला साक्षीला उभं करता येतं, हे ओएम-२ ने जगापुढे मांडलेलं होतं, आणि निकॉनच्या अभियंत्यांनी तो कॅमेरा उघडून पाहिला नसेल हे मला पटत नाही. शिवाय एफ९० मध्ये आगाऊ फ्लॅश केवळ सल्लागार होता. चौकटीच्या कुठल्या भागाला किती महत्त्व द्यायचं एवढंच तो सांगायचा. फ्लॅश तोडायचा तो फिल्मवरचा प्रकाश मोजूनच. डी१ मध्ये सल्लागाराला न्यायाधीश केलं गेलं. सगळा फरक इथे पडला.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. कॅननने १९९५ च्या ईओएस ५० मध्ये, फिल्मच्याच कॅमेऱ्यात, निकाल आगाऊ फ्लॅशवर सोपवला होता. तिथे चमकणारा सेन्सर नव्हताच. त्यांना चौकटीचे अनेक भाग तोलून मोजणारा मापक फ्लॅशसाठीही वापरायचा होता. कॅननच्या शाखेला माझा सिद्धांत लागू पडत नाही. तिसरा आक्षेप पेंटॅक्सचा. २००३ च्या त्यांच्या इस्ट डी या डिजिटल कॅमेऱ्यात जुन्या फ्लॅशसाठी जुनी टीटीएल पद्धत, लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश तोडण्याची, चालायची, म्हणजे सेन्सरवरून मोजणं अशक्य नव्हतं. पण २००६ च्या के१०डी मध्ये ती सोय उरली नाही, आणि मी याचा अर्थ माझ्या बाजूने लावतो.

कुणी असंही म्हणतं, की फिल्मच्या काळात फ्लॅश तेवढाच चुकत होता, रंगीत निगेटिव्ह आणि लॅबवाला मिळून ती चूक पोटात घालत होते. लग्नाच्या अल्बमांपुरतं हे खरंच आहे. पण ट्रान्सपरन्सीला, म्हणजे स्लाइड फिल्मला, असा आसरा नव्हता. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही उघडी पडायची, आणि ओएम-२ वर फुलं-किडे टिपणारे ट्रान्सपरन्सीच वापरत.

पडद्याची नोकरी पुढे फार टिकली नाही. २००३ च्या डी२एच पासून निकॉन आगाऊ फ्लॅश आरसा उचलण्याआधीच, १००५ पिक्सेलच्या मापकाने वाचू लागलं. २००४ मध्ये कॅननच्या ई-टीटीएल २ ने फ्लॅशआधीचा आणि फ्लॅशचा प्रकाश भागाभागाने ताडून फार चमकलेले भाग वगळायला सुरुवात केली. मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर स्वतःच वाचतो. रीत मात्र तीच राहिली: आधी अंदाज, मग आज्ञा. आज्ञा सुटल्यावर चूक सावरायला कुणी नाही.

म्हणून चौकट जराशी हलली, नवरीच्या शालूऐवजी नवऱ्याची पांढरी शेरवानी मधोमध आली, मागे आरसा किंवा काच आली, की अंदाज बदलतो. फ्लॅश तयार असल्याचा दिवा तो पूर्ण भरण्याआधीच पेटतो. घाईत दाबलं तर आज्ञा पूर्ण पाळायला फ्लॅशमध्ये तेवढी वीजच नसते. जुन्या लेन्सची पाती चिकटत असतील तर मोजमाप उघड्या छिद्रातून झालेलं असतं आणि फोटो भलत्याच छिद्रातून निघतो. आणि स्टुडिओतले प्रकाश पाहून पेटणारे दिवे आगाऊ फ्लॅशलाच फसतात, मुख्य फ्लॅशच्या वेळी ते रिकामे असतात. अशा दिव्यांवर पहिली चमक सोडून देण्याची सोय असेल, बहुधा एस२ नावाची, तर ती लावा.

दोष ओळखायचा असेल तर कॅमेरा तिवईवर ठेवा, ऑटो आयएसओ बंद करा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, फ्लॅश मॅन्युअलवर पाव शक्तीला लावा आणि पुरती उसंत देत दहा फोटो काढा. तरीही फोटो खालीवर झाले तर बॅटरी, हॉट-शू किंवा फ्लॅश तपासा. सारखे आले तर छिद्र लहान करून पुन्हा दहा काढा. आता बिघडले तर दोष पात्यांत. तेही सारखे आले तर यंत्र निर्दोष आहे, चुकतोय तो अंदाज. मग चेहऱ्यावर फ्लॅशचं मोजमाप धरून ठेवणारं एफईएल किंवा एफव्ही लॉक वापरा, आणि माणसं एका जागी बसलेली असतील तर सरळ मॅन्युअलवरच राहा.