नकाराचे गद्य

राज्यपालाचा नकाराधिकार हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय होऊ शकतो काय? अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे राज्यपाल अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांचे दोन नकार वाचल्यावर आम्हांस तसे वाटू लागले आहे. विधेयक परत पाठवताना आक्षेप लिहून देणे तेथील १८७० च्या संविधानाने राज्यपालावर बंधनकारक केले होते. स्टीव्हन्सन यांनी त्या सक्तीतून निबंध घडवला.

एप्रिल १९४९ मध्ये, कीटकभक्षक पक्ष्यांच्या रक्षणासाठी मांजरांच्या मोकळ्या हिंडण्यावर बंदी घालणारे विधेयक त्यांच्यापुढे आले. एकटे भटकणे हा मांजराचा स्वभावच. आज मांजर-पक्षी वादात पडलो तर उद्या कुत्रा-मांजर, पुढे पक्षी-गांडूळ वादातही निवाडा करावा लागेल, असे त्यांनी लिहिले. विनोदाच्या तळाशी एक चिंता होती: या कायद्याने माणसामाणसांत वैर तेवढे माजेल.

जून १९५१ मधील नकारात मात्र हसू नाही. कम्युनिस्टविरोधी भयाच्या त्या काळात सरकारी सेवकांकडून निष्ठेची शपथ मागणारे ब्रॉइल्स विधेयक त्यांनी नाकारले. खरा देशद्रोही अशा कागदावर सही करताना कचरणार नाही. घातपाती सापडतात ते चिकाटीच्या तपासाने, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्या नकाराचा विपर्यास होईल, हेही त्यांनी त्यातच नमूद केले.

आमच्या मते दोन्ही नकारांचे कारण एकच: शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पहारेकरी करणारा कायदा नको. मांजरांचा निबंध आजही हौसेने वाचला जातो. तो दुसऱ्यासोबत वाचावा, एवढेच आमचे सुचवणे.