जुन्या गॉगलच्या काचेत दडलेला ऐब कसा ओळखायचा?

ढोकीहून सकाळी गाडीवर मुरूड-लातूरकडे निघालं की ऊन थेट तोंडावर येतं. संध्याकाळी येडशी-बार्शीकडे जायचं म्हटलं तरी सूर्य समोरच असतो. त्यात उसाचा हंगाम असला की ट्रॉल्यांची गर्दी आणि धूळ. मग आपण कपाटातला एखादा जुना गॉगल काढतो. चाचांनी सौदीहून आणलेला असतो, दादीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला असतो, नाहीतर कधीतरी बाजारात घेतलेला. पुसला आणि लावला. काच काळी आहे म्हणजे डोळे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहे.

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडं दिसणारं धान्य आत ओलं निघालं. ओला भाग लोकांना दिसेल असा वर ठेव, असं त्यांनी विक्रेत्याला समजावलं. ही हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. जुन्या गॉगलचंही तसंच असतं. वरून चकचकीत, ऐब आत. तो बाहेर काढायच्या काही सोप्या पद्धती आम्ही इथे देत आहोत.

काळी काच धोक्याची का ठरू शकते?

उन्हात डोळ्याची बाहुली आपोआप लहान होते. काळ्या काचेमागे उजेड कमी पडतो, म्हणून ती मोठी होते. काच अतिनील किरणं अडवत असेल तर काही बिघडत नाही. पण नुसताच काळा रंग असेल, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ही किरणं जास्त प्रमाणात आत जाऊ शकतात. वर्षानुवर्षं अतिनील किरणं लागल्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो, आणि बुबुळाकडे सरकणारी मांसाची पातळ वाढही होऊ शकते. दिवसभर शेतात किंवा रस्त्यावर असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. लहान मुलांच्या डोळ्यांतून ही किरणं मोठ्यांपेक्षा जास्त आतपर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांना खेळण्यातले काळे चष्मे उन्हात लावू देऊ नयेत.

आधी धुवा, मग बघा

धुळीची काच दुपट्ट्याने किंवा रुमालाने कोरडी पुसू नका, त्यानेच चरे पडतात. नळाखाली धरा, साबणाचं पाणी बोटाने हलकंच फिरवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या.

मग ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि काचेवर पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघत गॉगल हळूहळू हलवा. प्रतिबिंबाची कड सलग सरकली पाहिजे. ती मध्येच लहरली तर काचेचा पृष्ठभाग सारखा नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर वरचा थर तडकलेला आहे. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गॉगलचं असं हमखास होतं. कडेला बुडबुडे किंवा पांढरट पट्टा दिसला तर काचेचे थर सुटू लागले आहेत.

शेवटी गॉगल पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन्ही काचांचा रंग सारखाच दिसायला हवा.

सरळ रेघेची परीक्षा

गॉगल हात लांब करून धरा, एक डोळा मिटा आणि एका काचेतून दाराची चौकट किंवा फरशीची रेघ बघा. आता गॉगल डावीउजवीकडे, वरखाली हलवा. बिननंबरच्या चांगल्या काचेत रेघ जागेवरच राहते. ती वाकली, तुटली किंवा काचेबरोबर सरकली, तर काच सदोष आहे किंवा तिला नंबर आहे. वळणदार गॉगलच्या अगदी कडेला थोडा फरक चालतो, मध्यभागी चालत नाही. गॉगल लावल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, पायरी जवळ किंवा लांब वाटणं, हे बऱ्याचदा याच दोषामुळे होतं. गाडी चालवताना अंतराचा अंदाज चुकला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

कॅल्क्युलेटरची परीक्षा

दुकानदार 'पोलराइज्ड' म्हणून गॉगल विकतात. या काचा रस्त्यावरून आणि पाण्यावरून येणारी चकाकी कमी करतात. खरं-खोटं बघायला कॅल्क्युलेटर पुरतो. आकडे लावा, काचेतून बघा आणि कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवा. पोलराइज्ड काचेतून एका कोनात आकडे किंवा सगळा पडदाच काळा पडतो. दोन्ही काचांत हे एकाच कोनात घडलं पाहिजे. तसं झालं नाही तर एक काच बदललेली किंवा चुकीची बसवलेली आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरणं अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोटेची परीक्षा

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बऱ्याच दुकानांत असतो. अंधाऱ्या जागी तो पाचशेच्या नोटेवर धरला की नोटेचे नंबर चमकतात. आता टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. नंबर तसेच चमकत राहिले तर तो गॉगल बाद. चमक गेली तर चांगली खूण आहे, पण पूर्ण खात्री नाही, कारण हा टॉर्च अतिनील पट्ट्यातला थोडासाच भाग दाखवतो. चष्म्याच्या दुकानात मीटर असेल तर तिथून पक्कं करून घ्या. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारू नका.

'यूव्ही 400' म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतची किरणं अडवणारी काच. पण नुसत्या स्टिकरवर विसंबू नका, तो कुणीही चिकटवू शकतो.

काय ठेवायचं, काय टाकायचं?

मधोमध चरे, वाकडी दिसणारी रेघ, सुटलेले थर किंवा नोटेच्या परीक्षेत नापास, यातलं एक जरी असलं तरी गॉगल टाकून द्या. जुन्या काळच्या खऱ्या काचेच्या गॉगलला टवका गेला असेल तर तो गाडीवर अजिबात लावू नका. अपघातात तुकडे डोळ्यात जातात. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरताच वापरा. अंधार पडल्यावर कोणताही काळा गॉगल लावून गाडी चालवू नका.

आणि कितीही चांगला गॉगल असला तरी ग्रहण त्यातून बघायचं नाही. 2 ऑगस्ट 2027 रोजी सूर्यग्रहण आहे. मक्केत ते खग्रास असेल, तर भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास दिसेल. त्यासाठी ग्रहणाचे खास चष्मे लागतात.

राहिला प्रश्न जुना गॉगल कुणाला देऊन टाकण्याचा. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला किंवा ऊसतोड मजुराला आपण सहज देतो आणि सवाब मिळाला असं समजतो. पण जी वस्तू आपण स्वतःच्या लेकराच्या डोळ्यांवर ठेवणार नाही, ती दुसऱ्याच्या लेकराला देणं बरोबर नाही. द्यायचाच असेल तर आधी तपासा. ऐब निघाला तर काड्या मोडून कचऱ्यात टाका, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही. डोळे ही अल्लाहची अमानत आहे, आपलेही आणि दुसऱ्याचेही.